पहिला गेमिंग पीसी: कमी बजेटमध्ये काय घ्यायचं, काय टाळायचं

दुकानात जाऊन ‘गेमिंग पीसी हवाय, बजेट साठ हजार’ म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘आय५ देऊ की आय७?’ बजेट वाकडं व्हायला सुरुवात इथूनच होते. गेमिंगच्या डेस्कटॉपमध्ये सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असायला हवा, आणि कार्ड कोणतं हे प्रोसेसरच्या नावावरून ठरत नाही. आधी गेम, मग मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड आणि त्याला साजेसं बाकी सगळं, या क्रमाने गेलात तर कमी पैशात चांगला पीसी उभा राहतो.

पायरी १: गेमची यादी

कागदावर पाच गेम लिहा. जे आज खेळणार आहात तेच, ‘कधीतरी खेळेन’ वाले नकोत. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे गेम ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर आणि रॅमवर जास्त भार टाकतात आणि साध्या कार्डावरही पळतात. जीटीए ५ मध्यम वजनाचा आहे. रेड डेड रिडेम्प्शन २, सायबरपंक २०७७ हे कार्डाचा घाम काढतात. बीजीएमआय हा फोनचाच गेम आहे, पीसीसाठी त्याची अधिकृत आवृत्ती नाही. पीसीवरचा पबजी वेगळा आहे आणि जानेवारी २०२२पासून तो फुकट खेळता येतो.

यादीच्या शेजारी प्रत्येक गेमला लागणारी जागाही लिहा. रेड डेड २ एकटाच १५० जीबी मागतो. पुढे एसएसडी (विंडोज आणि गेम साठवायची वेगवान डिस्क) निवडताना हा आकडा लागेल.

पायरी २: मॉनिटर

पहिल्या पीसीसाठी २४ इंची, १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके), आयपीएस पॅनेलचा मॉनिटर पुरेसा आहे. व्हीए पॅनेल स्वस्त मिळतं, पण अंधाऱ्या दृश्यांत हलणाऱ्या वस्तूंमागे काळी शेपटी ओढल्यासारखी दिसते. १४४०पीच्या मोहात पडू नका. त्यात १०८०पीच्या पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल असतात, म्हणजे कार्डही तितकंच दमदार लागतं. ‘घरी फोर-के टीव्ही आहे, तोच लावू’ हा विचार तर महागात पडतो. तिथे पिक्सेल चौपट.

रिफ्रेश रेट म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, त्याचं गणित सोपं आहे. यादीत शूटर गेम जास्त असतील तर १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वरचा घ्या, कथेचे गेम जास्त असतील तर १०० हर्ट्झवर भागतं. ७५ आणि १०० हर्ट्झच्या मॉनिटरच्या किमतीत आता फारसा फरक उरलेला नाही, त्यामुळे ६०-७५ हर्ट्झचा नवा मॉनिटर घेण्यात अर्थ नाही.

पायरी ३: ग्राफिक्स कार्ड, किंवा सध्या कार्डच नको

इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता तंग बजेटचा. कार्ड न घेता असा प्रोसेसर घ्यायचा ज्याच्या आतली ग्राफिक्स बऱ्यापैकी चालते. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. व्हॅलोरंट त्यावर आरामात चालतो, जीटीए ५ सेटिंग उतरवून खेळता येतो. नवे मोठे गेम मात्र विसरा. या रस्त्यावर रॅमची एकच पट्टी लावणं ही सगळ्यात मोठी चूक. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच काम चालवते. डीडीआर४ ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन पट्ट्या ५१.२ जीबी. म्हणजे १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घेतल्या की तोच पीसी लक्षणीय वेगाने पळतो.

दुसरा रस्ता थेट कार्डाचा. १०८०पीसाठी रेडिऑन आरएक्स ६६०० हे अजूनही पैसे वसूल करणारं कार्ड आहे. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट वीज, आणि ८ पिनची एकच पॉवर केबल. त्याची मेमरी सेकंदाला २२४ जीबी डेटा देते. वरच्या ५१.२शी हा आकडा ताडून पाहिला की आतली ग्राफिक्स कुठे दमते ते कळतं. थोडे जास्त पैसे असतील तर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० बघा. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरी देतं, पण त्याला रिसायझेबल बार ही सोय असलेला मदरबोर्ड आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या पीसीत ते घालू नका.

आता सापळे. जीटी ७३० ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून विकलं जातं. त्याच्या ६४ बिट डीडीआर३ आवृत्तीची मेमरी सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी देते, म्हणजे वरच्या रॅमच्या एका पट्टीपेक्षाही कमी. एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं २०२१मध्येच थांबवलं. कार्डावर किती जीबी लिहिलंय याला महत्त्व नाही, कोणतं मॉडेल आहे याला आहे.

आरटीएक्स ३०५० दोन आहेत: ८ जीबी आणि ६ जीबी. फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ६ जीबीवाल्यात कोअरही (हिशेब करणारे भाग) कमी आहेत. ते ७० वॉटवर चालतं आणि वेगळी पॉवर केबल मागत नाही, म्हणून जुन्या ऑफिस पीसीत बसवायला उत्तम. नव्या पीसीत जवळपास त्याच पैशात आरएक्स ६६०० मिळत असेल तर तेच घ्या.

आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डाशी फक्त चार लेनने (डेटाच्या मार्गिकांनी) बोलतं. त्या मार्गिका वेगवान पीसीआय ४.०च्या असतील तर निभावतं. पण ५६००जी, ५५०० हे प्रोसेसर किंवा ए५२० चिपसेटचे मदरबोर्ड पीसीआय ३.० पर्यंतच जातात, तिथे ते अडखळतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करण्याचं ओझं प्रोसेसरवर पडतं. यूट्यूबवर गेमिंग चॅनेल काढायचा विचार असेल तर हे आधीच बाद करा.

सेकंड हँड कार्ड घ्यायला हरकत नाही, पण पैसे देण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर वीस मिनिटं मोठा गेम चालवून दाखवायला सांगा. पडद्यावर ठिपके, रेघा दिसल्या, पंखा खरखरला किंवा सीरियल नंबरचं स्टिकर खरवडलेलं असलं तर उठून या. बिल असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तरच बऱ्यापैकी किंमत द्या.

पायरी ४: प्रोसेसर आणि मदरबोर्ड

ऑनलाइन ‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, गेमिंग पीसी’ अशा जाहिराती अगदी कमी किमतीत दिसतात. त्यात आय७ची पिढी लिहिलेली नसते. उघडून पाहिलं तर आत आय७-२६०० किंवा ३७७० निघतो, म्हणजे २०११-१२चा माल. २०२२चा चार कोअरचा आय३-१२१००एफ गेममध्ये त्यांना सहज मागे टाकतो. त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नाव आय३ की आय७ हे नंतर बघा. त्यापुढचा आकडा आधी.

आरएक्स ६६००च्या जोडीला आय३-१२१००एफ चालतो, आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० जास्त बरा. या दोघांत सहा कोअर, बारा थ्रेड. इंटेलच्या नावातला शेवटचा ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं तर तोवर पीसीवर चित्रच दिसणार नाही. अभ्यास किंवा काम याच पीसीवर असेल तर थोडे पैसे घालून ‘एफ’ नसलेला घ्यावा. रायझन ५ ५६००मध्येही आतली ग्राफिक्स नाही. ५६००जी आणि ५६०० हे सख्खे भाऊ वाटतात, पण ५६००मध्ये ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि ५६००जीमध्ये १६, त्यामुळे वेगळं कार्ड लावायचं असेल तर ५६०० सरस.

मदरबोर्डात लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं, इंटेलच्या एच६१० आणि बी७६० बोर्डांत डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही आवृत्त्या येतात. एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. मॉडेलच्या नावात ‘डी४’ आहे का ते बघा आणि शंका असली तर कंपनीच्या साइटवर खात्री करा. दुसरं, जुन्या साठ्यातला बी४५० बोर्ड ५००० मालिकेतला रायझन ओळखत नाही. बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून द्या, असं दुकानदाराला बिल करण्याआधी सांगा. नंतर सांगितलं की त्याचे वेगळे पैसे लागतात.

रायझनसाठीचा एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड घेतला तर पुढे प्रोसेसर बदलायची सोय जास्त, कारण एएम४ आणि इंटेलचा एलजीए १७०० दोन्ही आता उताराला लागलेत. पण एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले. बजेट आवळलेलं असेल तर डीडीआर४चा रस्ता धरा आणि रॅम सेकंड हँड घ्या. जुनी म्हणून डोळे झाकून घ्यायला सगळ्यात कमी धोक्याची वस्तू रॅमच आहे. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा, एकही चूक आली नाही तर पट्टी ठणठणीत.

पायरी ५: एसएमपीएसमध्ये काटकसर नाही

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणारा बिनानावाचा एसएमपीएस परत द्या. फुकट असला तरी. त्यावर ‘४५० वॉट’ छापलेलं असतं, पण खरी गोष्ट बाजूच्या तक्त्यात असते. १२ व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा घ्या आणि १२ने गुणा. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३५-३६ अँपिअर असतात, म्हणजे सव्वाचारशे वॉटच्या आसपास. तिथे १५-१८ दिसले तर तो प्रत्यक्षात दोनशे वॉटचा माल आहे. गेममध्ये कार्डाने एकदम वीज ओढली की पीसी फटकन बंद होतो, आणि नशीब वाईट असेल तर जाताना मदरबोर्डालाही घेऊन जातो.

हिशेब असा: आय५-१२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॉट, आरएक्स ६६०० १३२ वॉट, बाकी सगळं मिळून पन्नासेक. एकूण तीनशे. नामांकित कंपनीचा ४५० वॉट पुरतो, पुढे मोठं कार्ड घालायचं असेल तर ५५० घ्या. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का विजेची बचत सांगतो, टिकाऊपणा नाही. त्यासाठी वॉरंटी बघा, पाच वर्षांची असेल तर कंपनीचा स्वतःच्या मालावर भरवसा आहे असं समजा.

घरातली वीजही तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर सॉकेटमध्ये अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडी वीज पत्र्याकडे सोडतो आणि अर्थिंग नसेल तर तिला जायला वाट उरत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अॅडॅप्टरमध्ये खुपसू नका. कोकणात किंवा घाटावर वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ब्रॉडबँडची केबलही काढा.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो काठावर येतो आणि बरेचदा बीप करून तिथेच मान टाकतो. गेमिंग पीसीला १००० व्हीएच्या आसपासचा घ्या, तोही खेळत राहण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता.

पायरी ६: एसएसडी, कॅबिनेट आणि इतर

एम.२ आकाराची (छोट्या पट्टीसारखी), एनव्हीएमई म्हणजे वेगवान जोडणीची एसएसडी, जमलं तर १ टीबी. ५०० जीबीत विंडोज आणि दोन मोठे गेम गेले की जागा संपते. एम.२ आकारात साटा एसएसडीही येते, दिसायला जवळपास तशीच पण बरीच हळू, म्हणून बिलावर ‘एनव्हीएमई’ लिहिलंय का ते बघा. हार्ड डिस्क फक्त फोटो-सिनेमांसाठी.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जाळी हवी. अखंड काच आणि मागे रंगीत लाइट हे दिसायला छान, पण हवा येणार कुठून? नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तिथे पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा एवढं तरी पाहिजे. पंखे कोणत्या बाजूने फुंकतात हे हात लावून तपासा, दुकानात उलटे बसवल्याचं अनेकदा सापडतं.

बजेटची वाटणी टक्क्यांत मांडली तर, मॉनिटर सोडून: ग्राफिक्स कार्ड ३५ ते ४०, प्रोसेसर-मदरबोर्ड मिळून २५ ते ३०, रॅम-एसएसडी २० (भाव चढे असतील तर थोडं जास्त), एसएमपीएस ७-८, उरलेलं कॅबिनेटला. कीबोर्ड-माउस सुरुवातीला साधेच ठेवा.

पायरी ७: खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड असे बाजार आहेत. ऑनलाइन दुकानांचे भाव आधी बघून घ्या आणि निदान दोन ठिकाणी कोटेशन मागा. कोटेशनवर ‘१६ जीबी रॅम’ असं मोघम नको, ‘८ अधिक ८, डीडीआर४ ३२००, सीएल१६’ आणि कंपनीचं नाव हवं. प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल. ‘तेच आहे, फक्त दुसरी कंपनी’ असं काउंटरवर ऐकलं तर एसएमपीएस आणि मदरबोर्डाच्या बाबतीत अजिबात मानू नका.

कच्चं बिल घेऊन १८ टक्के जीएसटी वाचवला की वॉरंटीच्या वेळी हात हलवत परतावं लागतं. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद डब्यातला आहे की ‘ट्रे’चा, ते विचारा. ट्रेच्या प्रोसेसरला कंपनीची नेहमीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही, जी मिळते ती दुकानदाराची. ऑनलाइन मागवलं तर खोका उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, सुरुवात पार्सलवरच्या लेबलपासून.

दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो तेव्हा बहुधा क्रॅक केलेली असते. त्याच पीसीवरून बँकेचे व्यवहार करणार असाल तर नको म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून पेन ड्राइव्हवरून टाका. लायसन्स घेईपर्यंत कोपऱ्यात एक सूचना दिसत राहते आणि वॉलपेपर बदलता येत नाही, गेम चालतात.

पायरी ८: जोडणी आणि पहिला दिवस

जोडणी दुकानात करून घेतली तरी समोर उभं राहून या गोष्टी बघा. रॅम दोन पट्ट्यांची असेल आणि खाचा चार असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मदरबोर्डखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर ठेवणारे आधार) बसवलेले. प्रोसेसरची ४ अधिक ४ पिनची केबल आणि कार्डाची ६ अधिक २ पिनची केबल सारख्या दिसतात, त्या एकमेकींच्या जागी जोर लावून घुसवायच्या नाहीत. रायझनचा स्क्रूवाला कूलर बसवताना बोर्डावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढतात, मागची प्लेट तशीच ठेवतात. कूलरच्या तळाला पेस्ट लावलेली असेल तर वर आणखी थापू नका.

चित्र येत नसेल तर आधी मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डात लावलेली असेल आणि प्रोसेसर ‘एफ’वाला असेल तर पडदा काळाच राहणार. केबल कार्डातच जायला हवी. मग रॅम काढून टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. एएम५चा पीसी पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं काळा पडदा दाखवत रॅम तपासतो, घाबरून बटण दाबू नका.

पहिल्या दिवशी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा एक्स्पो म्हणतात), नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वरच रेंगाळते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बदला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारे कमी नाहीत. व्हॅलोरंट व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर देत असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सोयी चालू नाहीत. एएमडी बोर्डावर टीपीएमचं नाव एफटीपीएम, इंटेलवर पीटीटी. आधी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकली असेल तर ती जीपीटी या नव्या मांडणीत बदलल्याशिवाय सीएसएम बंद करू नका, नाहीतर पीसी विंडोजपर्यंत पोचणारच नाही.

ड्रायव्हर थेट एएमडी, एनव्हिडिया किंवा इंटेलच्या साइटवरून घ्या. मग यादीतला सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा आणि एमएसआय आफ्टरबर्नर लावून आकडे बघा. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर सगळं जागेवर आहे. साठच्या खाली रेंगाळत असेल आणि गेममध्ये एफपीएसला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या आकड्याला) मर्यादा घातलेली नसेल तर रॅम एकाच पट्टीवर चाललीय का, एक्सएमपी लागलंय का, हे बघा. प्रोसेसर सतत ९०-९५ अंशांवर असेल तर कूलर एका बाजूने उचललेला आहे किंवा त्याच्या तळावरचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. दुकानाची बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे ही चाचणी पुढच्या रविवारवर ढकलू नका. सगळे रिकामे डबे, विशेषतः कार्डाचा, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.